बेबीबाईंच्या गाडीचा डावा डोळा

बेबीबाईंच्या लाल गाडीविषयी ठाण्यापासून कल्याणपर्यंत सध्या तीन हकिकती सांगितल्या जातात आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिली अशी की, ती गाडी नवरात्रात देवीने दुरुस्त केली. दुसरी अशी की, खंडेनवमीच्या दिवशी मी माझ्या मल्टिमीटरसाठी बायकोपुढे रडलो. तिसरी हकिकत शीळफाट्याच्या एका आधुनिक वर्कशॉपमधून बाहेर पडलेली असून ती तिन्हींत सर्वांत सभ्य आहे. आणि म्हणूनच तिचा प्रतिवाद करणे मला सर्वांत निकडीचे वाटते. या अंकाच्या संपादकांनी मला ‘व्यवसायातील काही आठवणी’ मागितल्या होत्या. मी आठवण एकच देणार आहे. पण ती खरी असेल, एवढी हमी आहे.

मी मोटारींचा वायरमन. हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण ‘इलेक्ट्रिशियन’ म्हटले की लोक मला घरातला बंद पडलेला पंखा दाखवतात. उमेदवारी मी ठाण्याला कोपरीत केली आणि त्यानंतरची त्रेचाळीस वर्षे डोंबिवलीला कोपर येथे स्वतःच्या गाळ्यात काढली. चार वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो, असे कागदोपत्री म्हणता येईल. गाळा मात्र आहे, हत्यारे आहेत, आणि ज्यांच्यापुढे इतर सर्वांनी हात टेकलेले आहेत असे लोकही येतच असतात.

आमचा धंदा मेकॅनिकच्या धंद्याहून कठीण आहे, हे मेकॅनिक मान्य करीत नाहीत. पण ते सत्य आहे. मेकॅनिकचा रोग दिसतो. तेल गळते, धूर निघतो, काहीतरी खडखडते. आमचा रोग अदृश्य असतो आणि दवाखान्याची पायरी चढताच दाढदुखी थांबावी, तसा गाळ्याच्या दारात येताच तो नाहीसा होतो. ग्राहक मात्र घामाघूम होऊन शपथेवर सांगत असतो. एका वकिलांची गाडी केवळ कल्याणला जाताना बंद पडे. ठाण्याला परतताना कधीही नाही. कल्याणच्या न्यायालयात त्यांचा एक दावा रखडलेला होता आणि प्रतिवादीने काहीतरी ‘करून ठेवले’ आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. मी त्यांच्याबरोबर कल्याणला गेलो. जाताना ते दाव्याच्या कागदांची जड पेटी आसनाखाली सरकवीत आणि ती तिथल्या तारांच्या एका जोडाला रेटत असे. येताना कंटाळून तीच पेटी मागे टाकून देत. पेटीची जागा बदलली, गाडी सुधारली. दावा अजून रखडलेलाच आहे.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळत आलो. ग्राहक सांगतो ते लक्षण शंभर टक्के खरे मानावे. तो सांगतो ते कारण शंभर टक्के खोटे मानावे. बेबीबाईंच्या बाबतीत मी हा नियम मोडला, आणि पुढचे सारे रामायण त्यातूनच घडले.

बेबीबाई शीळ रस्त्यालगतच्या एका आगरी गावच्या. वय चौसष्ट. त्यांचे यजमान बाळाराम ट्रकचालक होते. तरुणपणी घाटात एक बुटकी, लाल, दोन दारांची जपानी गाडी त्यांच्या ट्रकला अशा काही झोकात ओलांडून गेली की, तो अपमान त्यांच्या मनातून आयुष्यभर गेला नाही. पुढे बरे दिवस आले तेव्हा त्यांनी तसलीच एक जुनी गाडी शोधून काढली आणि विकत घेतली. ही गाडी इतकी ठेंगणी आहे की, रस्त्यावरचे कुत्रे तिच्यात डोकावून पाहते. तिचे पुढचे दिवे एरवी बॉनेटमध्ये झोपलेले असतात आणि कळ दाबली की पापणी उघडावी तसे वर येतात. याच गाडीवर बाळारामांनी बायकोला गाडी चालवायला शिकवले. ते गेल्यावर बेबीबाई दर मंगळवारी लुगड्याचा काष्टा आवळून, बुडाखाली उशी घेऊन, ही शर्यतीची गाडी चालवीत कोपरला आपल्या बहिणीकडे येऊ लागल्या. शेजारच्या आसनावर सुक्या बोंबलांची पिशवी असे, आणि तिलाही पट्टा लावलेला असे.

गेल्या वर्षी गणपतीनंतर गाडीला विकार जडला. डावीकडे वळण्यासाठी बेबीबाईंनी इंडिकेटर लावला की डाव्या बाजूचा दिवा वर येई आणि खाली जाई, वर येई आणि खाली जाई. उजवा दिवा सज्जनासारखा झोपलेला. थोडक्यात, गाडी समोरच्या माणसाला डोळा मारू लागली. एका लग्नाच्या वरातीला तिने डोळा मारला तेव्हा नवरदेवाने हात हलवून उत्तर दिले. गावच्या पुजाऱ्यांना मारला तेव्हा त्यांनी आठवडाभर बेबीबाईंच्या घरचा चहा टाळला. परंतु प्रकरण गंभीर झाले ते शीळफाट्यावर. तिथल्या वाहतूक हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि या वयात हे शोभते का, असे विचारले. बेबीबाईंनी त्याला जे उत्तर दिले ते पुढे पंचक्रोशीत गाजले.

“मी नाय मारत बाला, गारी मारते.”

त्यांचा मुलगा जयेश समजूतदार आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पहिल्या हकिकतीत त्याला खलनायक केलेले आहे. आई रस्त्यात अडकली तर काय, ही त्याची भीती खरी होती. त्याच्याकडे मोठी पांढरी गाडी आहे, तिला चालक आहे, आणि आईने मागे आरामात बसावे, एवढीच त्याची इच्छा. त्याने लाल गाडीसाठी नवी मुंबईचा एक शौकीन ग्राहक ठरवला. ग्राहक दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाला गाडी न्यायला येणार होता. तोवर गाडी सुधारली तर विकणार नाही, असे जयेशने आईला वचन दिले होते. बिघडलेलीच राहिली तर ती जाणार.

हे सगळे मला बेबीबाईंनीच सांगितले, माझ्या गाळ्यातल्या स्टुलावर बसून. त्या रडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, “मास्तर, ही गेली का मना पाठी बसवतील. पाठी बसलेल्या बाईला कोन इचारतं, कुटं जायचा? तुमी कायपन करा, पन मना पुरं बसूं द्या.”

त्यांना पुढे बसायचे होते. याहून न्याय्य मागणी घेऊन त्रेचाळीस वर्षांत माझ्याकडे कोणी आलेले नाही.

माझ्याकडे येण्यापूर्वी ही गाडी शीळफाट्याच्या संदेशकडे गेली होती. संदेश हा शिकलेला, चाळिशीचा, स्वच्छ शर्ट घालणारा माणूस. त्याच्याकडे असा संगणक आहे की, गाडीला जोडला की गाडी स्वतःच आपला आजार सांगते. या गाडीला मात्र तो संगणक जोडण्याची जागाच नाही. ती गाडी संगणकाच्या आधीच्या पिढीची आहे. संदेशने इंडिकेटरची कळ बदलली, तो लुकलुकवणारी डबी बदलली. डोळा चालूच. ही बातमी मला कळली तेव्हा मला आनंद झाला, हे मी लपवीत नाही. शिवाय तीन वर्षांपूर्वी याच गाडीच्या एसीचा पंखा संदेशनेच बदलून मोठा बसवला होता, हेही मला कळले. दोष त्याच्या हातचा आहे, असे मी त्याच क्षणी ठरवून टाकले आणि कोपर, डोंबिवली व कल्याण येथे, जिथे जिथे चहा मिळतो तिथे तिथे, ते जाहीरही केले.

मग मी गाडी तपासली. एकदा नव्हे, तीनदा. कोपरच्या सगळ्या गल्ल्यांतून मी तिला डावीकडे वळवली. इतक्या वेळा डावीकडे वळलो की, एका केशकर्तनालयाच्या मालकाने मला थांबवून पत्ता सापडत नाही का, असे विचारले. डोळा ढिम्म मिटलेला. तिसऱ्या वेळी मी बेबीबाईंना म्हणालो की, गाडीत दोष नाही. तुमच्या हातून चुकून दिव्याची कळ दाबली जात असावी.

त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली. मग त्यांनी विचारले की, मी कधी त्यांच्या हातचे बोंबील खाल्ले आहेत का. मी हो म्हणालो. त्यांत कधी चुकून साखर पडली होती का, असे त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता गाडी घेऊन त्या निघून गेल्या. बहिणीच्या गल्लीत वळताना, मला नंतर कळले, गाडीने डोळा मारला.

याच सुमारास संदेशचा फोन आला. माझी चहाच्या टपऱ्यांवरची भाषणे त्याच्यापर्यंत पोहोचलेली असणार. पण त्याने त्यांचा उल्लेखही केला नाही. फक्त म्हणाला, “काका, पुढचा डावा अर्थ एकदा बघितलात का?”

मी त्याला सांगितले की, तो अर्थ काही वर्षांपूर्वी बाळाराम हयात असताना मी स्वतः बांधलेला आहे, आणि मी बांधलेला अर्थ तपासण्याची प्रथा आमच्याकडे नाही. फोन मीच ठेवला.

आता अर्थ म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगणे भाग आहे. घरात दिव्याकडे दोन तारा जातात: एक वीज नेणारी, एक परत आणणारी. मोटारीत तांबे वाचवण्यासाठी परतीची तार रद्द केलेली असते. वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत येते. दिव्याची काळी तार जिथे बोल्टने या अंगाला जोडतात, त्या जागेला आम्ही अर्थ म्हणतो. तो सैल झाला किंवा गंजला की परतीची वाट अडते. मंगल कार्यालयात जेवण झाल्यावर बाहेर पडायचे दार अडकले तर पाहुणे काय करतात? ते स्वयंपाकघरातून निघतात, वधूच्या खोलीतून निघतात, काही जण स्टेजवर जाऊन पुन्हा अहेर देतात. विजेचेही तेच. ती भलत्या वाटेने परत फिरते आणि वाटेत जे भेटेल त्याला जागे करते. डावीकडचा इंडिकेटर, डावा डोळा वर उचलणारी मोटार, हॉर्न आणि एसीचा पंखा या सगळ्यांची परतीची वाट त्या गाडीत एकाच बोल्टातून जात होती. हे मला ठाऊक होते. परंतु तो बोल्ट माझा होता.

यानंतर खंडेनवमी उजाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ग्राहक येणार, आणि त्या नवमीच्या दुपारी दोनला बेबीबाई पुन्हा माझ्या दारात. मध्ये वीस तास होते. अडचण एवढीच की, माझी सर्व हत्यारे पाटावर होती.

माझ्या गाळ्यात खंडेनवमीला हत्यारे धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून मांडली जातात आणि दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कोणीही हात लावीत नाही. हा नियम माझा. तो मोडणाऱ्या इतर गॅरेजवाल्यांना मी दरवर्षी, भर रस्त्यात, नास्तिक म्हणत आलेलो आहे. पूजा मात्र माझी पत्नी कुमुद करते आणि त्या दिवशी गाळ्यावर तिचे राज्य असते. पान्हे, पक्कड, टेस्ट लॅम्प आणि मध्यभागी देवासारखा बसलेला मल्टिमीटर, त्याच्या डोक्यावर झेंडूचे फूल.

दुसऱ्या हकिकतीचे खंडन इथेच करतो. मी रडलो नाही. मी कुमुदला शांतपणे म्हणालो की, मीटर हे हत्यार नसून मोजमापाचे साधन आहे, जसे घड्याळ. आणि घड्याळ आपण खंडेनवमीला बंद ठेवत नाही. ती म्हणाली, “अहो, मग घड्याळाने दुरुस्त करा.” मी तीनदा विनवणी केली, असे ती शेजारपाजारी सांगते. दोनदा केली. तिसऱ्या वेळी मी केवळ पाटाकडे पाहिले.

तेव्हा मी ठरवले की, हत्याराविना शोधायचे. दोष काढायला हत्यार लागते. शोधायला डोके पुरते. असे मी बेबीबाईंना ऐकवले खरे, पण डोके इतके दिवस कुठे होते, हे विचारण्याचा मोह त्यांनी आवरला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग मला माझा जुना नियम आठवला. लक्षण खरे मानायचे असेल तर ते ज्या परिस्थितीत घडते ती परिस्थितीही जशीच्या तशी हवी. मी म्हणालो, “तुम्हीच चालवा. मी शेजारी बसतो. मंगळवारी जे जे करता, ते ते सगळे करा.”

बोंबलांची पिशवी मी मांडीवर घेतली. बेबीबाईंनी उशी झटकली, आरसा स्वतःच्या चेहऱ्यावर आणला, तो पुन्हा रस्त्यावर आणला, आणि एसी पूर्ण जोरात लावला.

मी म्हणालो की, एसी बंद करा. तपासणी करताना मी एसी कधीही लावीत नाही. गादीवर बसून कोणी शेत नांगरीत नाही.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “माजी गारी, माजा घाम.”

आम्ही निघालो. पहिल्याच कोपऱ्यावर डावीकडे वळण्यासाठी त्यांनी इंडिकेटर लावला आणि गाडीने डोळा मारला. समोर झेंडूचा ढीग मांडून बसलेला फुलवाला होता. तो आधी लाजला, मग त्याने एक फूल आमच्या बॉनेटवर फेकले. मी बेबीबाईंना गाडी थांबवायला सांगितले. मग एसी बंद करून इंडिकेटर लावायला सांगितले. डोळा मिटलेला. एसी लावून पुन्हा इंडिकेटर. डोळा मारला. फुलवाल्याने दुसरे फूल फेकले. हा प्रयोग आम्ही पाच वेळा केला. पाचव्या वेळी त्याने फूल न फेकता आम्हाला पुढे जाण्याची विनंती केली.

उलगडा झाला होता. मोठा पंखा सुरू झाला की परतीच्या वाटेवर मोठी गर्दी होत होती, आणि वाट तुंबली की इंडिकेटरची वीज डाव्या डोळ्याच्या खोलीतून बाहेर पडत होती. मी एसी कधी लावलाच नाही, म्हणून तीन वेळा मला दोष दिसला नाही. माझ्या साधेपणाचा मला त्या दिवसापर्यंत अभिमान होता.

गाळ्यापुढे येऊन इंजिन आणि एसी चालूच ठेवून मी बॉनेट उघडायला लावले. वाईट जोड तापतो, ही जुन्या वायरमनांची विद्या आहे. मीटर नसेल तर उलटा हात फिरवावा. तळहात कामाने राठ झालेला असतो, हाताच्या पाठीला मात्र समजते. मी डाव्या कोपऱ्यातल्या तारांवरून हाताची पाठ नेत गेलो. थंड, थंड, कोमट. आणि मग बोल्ट. हात चटकन मागे आला. मी वाकून पाहिले. बोल्टाच्या कडेला, त्याच्याखालच्या चकतीला लागून, हिरव्या तैलरंगाचा एक ठिपका होता.

त्या ठिपक्याविषयी सांगणे भाग आहे. प्रत्येक काम पुरे झाले की जोडावर हिरवा ठिपका लावायचा, अशी माझी पद्धत आहे. ती माझी सही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत असा ठिपका दिसला की, या जोडाला हात लावायचे कारण नाही, असे इतर वायरमन समजतात. निदान समजावे, अशी माझी अपेक्षा असते. आधी बोल्ट आवळायचा, मग ठिपका. चाळीस वर्षे हाच क्रम. परंतु बाळाराम हौशी माणूस. त्या दिवशी त्यांनी मोबाईल काढला आणि म्हणाले की, मास्तरांचा सही करतानाचा फोटो पाहिजे. तेव्हा मी बोल्ट पुरता आवळलेला नव्हता. उजेड चांगला होता. मी कुंचला बुडवला, चेहऱ्यावर भाव आणला, ठिपका लावला. फोटो नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा लावला. मग बोल्ट आवळला. रंग चकतीखाली शिरलेला होता, आणि रंगातून वीज जात नाही, हे उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. उरलेल्या फटीतून इतकी वर्षे काम चालले. मग खाडीच्या हवेने गंज चढला, पंखा मोठा झाला आणि फट पुरेनाशी झाली.

मी बॉनेट लावले. बेबीबाईंनी विचारले की, काय झाले होते. मी म्हणालो की, गंज. ते खोटे नव्हते. कुमुदने माझा चेहरा पाहिला आणि चहा केला. मीटर मागितल्याबद्दल मला पश्चात्ताप होत आहे, असा तिचा समज झाला असावा.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. बोल्ट काढला, चकती खरवडली, पत्रा चकचकीत केला, नवी चकती घातली, आवळले. मोजून अकरा मिनिटे. यात देवीचा सहभाग होता का, हे मी सांगू शकत नाही. परंतु पान्हा मी धरला होता. जुनी चकती खिशात टाकली. फेकून देण्याचा विचार मनात आला नाही, असे मी म्हणणार नाही.

दहा वाजता जयेश ग्राहकाला घेऊन आला आणि गाडी पारखायला म्हणून त्याने संदेशलाही आणले होते. संदेशने मला वाकून नमस्कार केला, ज्यामुळे माझी अवस्था आणखी कठीण झाली. एसी लावून, डावीकडे वळवून, सगळ्यांनी गाडी पाहिली. डोळा मिटलेला. बेबीबाईंनी विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिले.

पण जयेशचे समाधान झाले नव्हते. तो म्हणाला, “काका, आज बरी झाली, मान्य. पण संदेशने दोन वस्तू बदलल्या, तुम्ही तीनदा काही नाही म्हणालात, आणि आज म्हणता गंज. गंज परत चढेल. नक्की काय बिघडलं होतं आणि का, ते कोणी सांगितलं तर मी आईला रस्त्यावर पाठवेन. नाहीतर नाही.”

मागणी रास्त होती. सगळ्यांच्या नजरा संदेशकडे वळल्या, कारण मोठा पंखा त्याने बसवला होता आणि महिनाभर मी हेच गावभर सांगत होतो. त्याने खाली पाहिले आणि म्हणाला, “पंखा मी बसवला होता. त्यामुळेच असेल.”

मला तिथे फक्त गप्प राहायचे होते. परंतु ‘असेल’ या शब्दावर जयेश गाडी ठेवणार नव्हता, हे मला दिसत होते. ग्राहकाने दाराला हात घातला होता. बेबीबाई अजून स्टिअरिंगमागेच बसलेल्या होत्या आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले होते.

मी खिशातून चकती काढली. “पंख्याचा दोष नाही,” मी म्हणालो. “हा ठिपका माझा आहे. बोल्ट आवळायच्या आधी लावला. फोटोसाठी.” मग मी जयेशला चकतीखालचा हिरवा रंग दाखवला, त्याच्या कडेचा गंज दाखवला, खरवडलेला पत्रा दाखवला. कारण एकच होते, ते सापडले होते, आणि ते पुन्हा घडणार नव्हते, कारण आता बाळाराम फोटो काढायला नव्हते. हे माझ्या तोंडून गेले आणि बेबीबाईंनी मान फिरवली.

मग त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले.

“म्हंजे त्या हवालदाराला डोला तुमी मारलात.”

जयेश हसला. मग ग्राहकही हसला आणि दारावरचा हात त्याने काढून घेतला. जयेशने आईला फक्त एवढेच सांगितले की, मावशीकडे पोहोचल्यावर फोन कर. त्या निघाल्या. कोपऱ्यावर डावीकडचा इंडिकेटर लागला. डोळा मिटलेला. मला वाटते, फुलवाला थोडा निराश झाला.

आता तिसरी हकिकत. संदेश भला माणूस आहे. तो माझ्यापेक्षा भला आहे, हे मी इथे एकदाच लिहितो. त्या दिवसापासून तो सर्वांना सांगत असतो की, काकांचा काही दोष नव्हता. गाडी रंगवली तेव्हा रंगाऱ्याच्या हातून बोल्टावर रंग पडला होता. ही हकिकत खोटी आहे. ती गाडी कधी रंगवलेलीच नाही. ती लाल आहे. लाल गाडीवर हिरवा रंग सांडणारा रंगारी कुठे असतो? तरीही लोकांनी ती उचलली. गेल्या महिन्यात कोपरीच्या एका ओळखीच्या रंगाऱ्याने मला सांगितले की, गिऱ्हाइके त्याला आधी बोल्ट झाकून घ्यायला सांगतात. माझ्या चुकीची शिक्षा त्याला होते आहे आणि माझी चूक भलत्याच्या नावावर जाते आहे. दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत. ती चूक माझी आहे. तिच्यावर माझी सही आहे.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने जाहीर करतो. ज्यांच्या गाडीत माझा हिरवा ठिपका आहे, त्यांनी घाबरू नये. तो भक्कम आहे. मात्र ज्यांच्याकडे मी ठिपका लावत असतानाचा माझा फोटो आहे, त्यांनी गाडी घेऊन कोपरला यावे. मोबाईलमध्ये कॅमेरे आल्यापासून असे किती फोटो निघाले, याचा अंदाज मला आहे, आणि तो सांगण्यासारखा नाही. येताना एसी चालू असू द्या. मी बोल्ट काढीन, चकती बदलीन, पत्रा खरवडीन, पुन्हा आवळीन आणि त्यानंतर, आवळून झाल्यानंतरच, ठिपका लावीन.

फोटो काढू देणार नाही.